काका, पुढे कर: बांबी, सिंबा आणि मनातलं फॉरवर्ड बटण

हा आपल्या मागच्या भागाचा लिखित मजकूर. लोकलमध्ये गर्दीत ऐकू येत नाही, ऑफिसात हेडफोन लावला की मॅनेजर बघतो, तर वाचायला द्या, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. म्हणून बोललो तसंच टाकतोय, थोडं झाडून-पुसून. ऑडिओत मागे ट्रकचे हॉर्न आहेत. अंजूरला घरात बसून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे गोदामांच्या गाड्या आल्याच. तुम्ही ज्या मोबाइलवर हे वाचताय त्याचं कव्हर कदाचित आमच्याच रस्त्यावरून गेलं असेल.

आणखी एक. इतिहासाचा पॉडकास्ट आणि बोलणारा अंजूरचा, म्हटल्यावर लोक गंगाजी नाईकांचा भाग मागतात. चिमाजी अप्पा, वसईची मोहीम, १७३९. करणार, नक्की करणार. आज मात्र कार्टून.

सुरुवात घरातून करतो. माझा पुतण्या सात वर्षांचा आहे. त्याला आपण छोटू म्हणू. छोटूचा आवडता सिनेमा ‘द लायन किंग’, तोसुद्धा १९९४ चा जुना, हाताने काढलेला. आमच्या घरात तो सिनेमा इतक्या वेळा लागलाय की त्यातले हिंदी संवाद आजीलाही पाठ आहेत. पण गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं की छोटू तो सिनेमा पूर्ण कधीच बघत नाही. साधारण अर्धा तास झाला, दरीत रानगायींचा लोंढा सुटला, की त्याचं बोट स्क्रीनवर येतं आणि सरकतं. मुफासा मरतो तेवढा भाग जातो. सिंबा, टिमोन आणि पुंबा भेटले की बोट उचलतो. मोबाइल माझ्या हातात असला तर म्हणतो, “काका, पुढे कर.”

छोटूचे बाबा, म्हणजे माझा मोठा भाऊ, आमचा दादूस, २०२३ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. छोटू तेव्हा साडेचार वर्षांचा. घरात ठरलं की त्याला सांगायचं, बाबा कंपनीच्या कामाला दुबईला गेलेत. कोणी ठरवलं ते आता आठवत नाही. आजी म्हणाली होती, “पोराला काय कलतंय त्यातलं?” आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिले दोन-तीन महिने तो व्हिडिओ कॉल कर म्हणायचा. आम्ही म्हणायचो, तिकडे नेटवर्क नाही. दुबईत नेटवर्क नाही! एका सॉफ्टवेअर इंजिनीअरने हे वाक्य तोंडातून काढलंय, नोंद घ्या. मग त्याने विचारणं बंद केलं, आणि आम्ही एकमेकांना म्हणालो, बरं झालं, विसरला.

या “विसरला” शब्दावर मी अडकलो आणि वाचत सुटलो. त्या वाचनाचा हा भाग.

मानसशास्त्रात याला संरक्षण यंत्रणा म्हणतात. बीएला मानसशास्त्र घेतलेल्यांना पाठ असेल: दमन, नकार, प्रक्षेपण, विस्थापन, प्रतिगमन, उदात्तीकरण. मूळ कल्पना सिग्मंड फ्रॉइडची. १८९४ च्या एका लेखात त्याने मांडलं की काही गोष्टी मनाला इतक्या असह्य होतात की मन त्या दाराबाहेर ढकलतं. दमन आणि नकार यांत लोक गोंधळतात. ढोबळमानाने, आतून उसळणारी गोष्ट दाबली तर दमन. बाहेर समोर घडलेली गोष्ट घडलीच नाही असं मानलं तर नकार. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅममध्ये एरर येते, तुम्ही ती पकडता, पण कॅचच्या कंसात काहीच लिहीत नाही. प्रोग्रॅम चालू राहतो, युजरला काही कळत नाही, लॉगमध्येही ओळ नाही. रात्री अडीच वाजता सर्व्हर पडतो तेव्हा कोणालाच सांगता येत नाही की सुरुवात कुठून झाली. कोड रिव्ह्यूमध्ये असं कोणी केलं तर मी झापतो. घरात दोन वर्षं तेच केलं.

आता व्हिएन्नाला जाऊ, कारण या गोष्टीतले दोन धागे एकाच शहरातले आहेत आणि मला ते वाचताना अक्षरशः उठून बसावंसं वाटलं.

पहिला धागा ॲना फ्रॉइड. सिग्मंडची सर्वांत धाकटी मुलगी, आधी शाळेत शिक्षिका, मग लहान मुलांची मानसोपचारतज्ज्ञ. बापाने कल्पना दिली होती, पण या यंत्रणा एकेक करून नीट मांडल्या तिने. ते पुस्तक १९३६ मध्ये आलं आणि बापाच्या ऐंशिव्या वाढदिवसाला तिने ते त्याला भेट दिलं. पुस्तक जड असेल म्हणून मी घाबरत उघडलं, तर आत मुलंच मुलं. एक मुलगी आहे, जिला घरातला अंधारा दिवाणखाना ओलांडायची भीती वाटते, भूत भेटेल म्हणून. एक दिवस ती चित्रविचित्र हातवारे करत तिथून पळत जायला लागते आणि धाकट्या भावाला गुपित सांगते: घाबरायचं काही नाही, जे भूत भेटणार आहे ते आपणच आहोत असं समजायचं. ॲनाने याला नाव दिलं, आक्रमकाशी तादात्म्य. ज्याची भीती वाटते तेच होऊन जायचं.

दुसरा एक सात वर्षांचा मुलगा. छोटूच्याच वयाचा. त्याच्या कल्पनेत त्याच्याकडे एक पाळलेला सिंह आहे. सगळे त्या सिंहाला टरकतात, पण सिंहाचं प्रेम फक्त या मुलावर. हाक मारली की येतो, कुत्र्यासारखा मागे चालतो. ॲनाचं म्हणणं असं की मुलाला खरी भीती होती बापाची. ती भीती सिंहात गेली आणि मग त्या सिंहालाच त्याने दोस्त करून टाकलं. याला तिने कल्पनेतला नकार म्हटलं. आणि हे लहान वयात चालतं, असं ती सांगते. मुलाला माहीत असतं की खोलीत सिंह नाहीये. तरी सिंह असतो. दोन्ही एकदम.

त्या पुस्तकातल्या एका मुद्द्यावर मी फार वेळ थांबलो. ती म्हणते, नकार मुलं एकटी करत नाहीत. त्याचं साहित्य मोठी माणसं पुरवतात. तू किती मोठा झालास, औषध कडू नाहीच, लागलंच नाही तुला, बघ मुंगी मेली. आपणच खेळ सुरू करतो, आणि आपल्याला हवा तेव्हा तो संपला पाहिजे अशीही अपेक्षा धरतो. दुबई छोटूने शोधलेली नव्हती. ती आम्ही आणून दिली.

दुसरा धागा फेलिक्स साल्टन. व्हिएन्नातला ज्यू लेखक-पत्रकार, आणि गंमत म्हणजे स्वतः शिकारीचा शौकीन. १९२३ मध्ये त्याची एक कादंबरी आली, एका हरणाच्या पिल्लाची. नाव ‘बांबी’. ती मुलांसाठीची गोड गोष्ट नव्हती. जंगलात सतत मरण आहे, शिकार आहे, बांबीची आई शिकारीतच जाते. ज्या १९३६ मध्ये ॲनाचं पुस्तक व्हिएन्नात आलं, त्याच वर्षी जर्मनीत नाझींनी साल्टनच्या पुस्तकांवर बंदी घातली. दोन वर्षांनी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. फ्रॉइड कुटुंब जून १९३८ मध्ये लंडनला गेलं, साल्टन पुढे झुरिचला. एकाच शहरातून पळालेली दोन पुस्तकं. एकात मुलाचं मन दुःखापासून कसं लपतं ते लिहिलंय, दुसऱ्यात आई मरते.

‘बांबी’चे हक्क तोवर हॉलिवूडला पोचले होते आणि १९४२ मध्ये डिस्नेचा सिनेमा आला. तो प्रसंग तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. बर्फ पडलंय. आई आणि पिल्लू पळतायत. आई मागून सांगते, वळून बघू नको. गोळीचा आवाज. पिल्लू झाडीत पोचतं, खूश होऊन वळतं, तर मागे कोणी नाही. ते हाका मारत बर्फात फिरतं. मग मोठा हरीण, त्याचा बाप, समोर उभा राहतो आणि एवढंच सांगतो की आई आता तुझ्यासोबत असू शकत नाही. पिल्लाच्या डोळ्यांत एक थेंब, दोघं चालू लागतात, स्क्रीन काळी होते.

आणि पुढच्या क्षणी वसंत ऋतू. पक्षी गाणं गातायत, फुलं फुललीयत.

मी हे मोबाइलवर मागे-पुढे करून तीन वेळा पाहिलं. मृत शरीर नाही, शोक नाही, दुसरा दिवस नाही. पिल्लू परत येतं ते शिंगं फुटलेलं, वयात आलेलं. सिनेमातल्या पात्रांचे स्वभाव तपासायला बसलो होतो, पण नकार इथे पात्र करत नाहीये, सिनेमाच करतोय. दिग्दर्शकाने आपल्या वतीने बोट सरकवलंय.

इथे इंटरनेटवरची एक थिअरी निकालात काढू. डिस्नेच्या सिनेमांत आई का नसते? तर म्हणे वॉल्ट डिस्नेची आई फ्लोरा नोव्हेंबर १९३८ मध्ये घरातल्या भट्टीच्या विषारी वायूने गेली आणि ते घर मुलांनीच घेऊन दिलं होतं. त्या अपराधी भावनेतून या आया मेल्या. घटना खरी आहे आणि वाईट आहे. पण ‘स्नो व्हाइट’ आला डिसेंबर १९३७ मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी, आणि त्यातही आई नाहीच. बांबीची आई तर साल्टनने १९२३ मध्येच मारली होती. कारण परिणामाच्या आधी यावं लागतं, एवढं तरी बीटेकमध्ये शिकवतात. परीकथांत आई नसते कारण आई असेल तर पोराला जंगलात एकटं कोण सोडेल? गोष्टच घडणार नाही.

आता मुंबई. ‘बांबी’वर काम केलेल्या ॲनिमेटरांपैकी एक क्लेअर वीक्स. मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतात जन्मलेला माणूस. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग सुरू केला तेव्हा अमेरिकेच्या तांत्रिक मदत योजनेतून तो इथे शिकवायला आला. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत राम मोहन होते, ज्यांना पुढे लोक भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणायला लागले. (त्याच्याही कितीतरी आधी दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या नाचवल्या होत्या, एकेक फ्रेम टिपून, १९१५ च्या सुमाराला. पण तो वेगळा भाग होईल.)

१९५७ मध्ये या विभागाचा पहिला रंगीत कार्टूनपट आला, ‘द बन्यन डिअर’. म्हणजे पुन्हा हरीण! हॉलिवूडमध्ये हरणावर राबलेला माणूस मुंबईत येतो आणि शिकवता शिकवता पुन्हा हरणाची गोष्ट होते. योगायोग असेल. पण ही गोष्ट जातककथेतली आहे आणि बांबीच्या नेमकी उलटी आहे. काशीच्या राजाला रोज हरणाचं मांस लागतं. कळपांनी ठरवलंय की ज्याची पाळी येईल त्याने स्वतःहून जाऊन ओंडक्यावर मान ठेवायची. एक दिवस पाळी येते गाभण हरिणीची. तिच्या कळपाचा नायक म्हणतो, नियम म्हणजे नियम. मग दुसऱ्या कळपाचा राजा, वडाच्या नावाने ओळखला जाणारा, स्वतः जाऊन तिच्या जागी मान ठेवतो. ते बघून राजाचं मन पालटतं.

इथे मरण पडद्यामागे जात नाही. ते अंगणातल्या ओंडक्याएवढं समोर आहे आणि हरीण त्याच्याकडे चालत जातं. जॉर्ज व्हेलंट नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९७७ च्या पुस्तकात संरक्षण यंत्रणांची अपरिपक्व ते परिपक्व अशी उतरंड लावली. नकार अगदी खालच्या पायरीवर, आणि वरच्या पायरीवर विनोद, उदात्तीकरण, परोपकार. म्हणजे आमचं मुंबईचं हरीण पहिल्याच सिनेमात वरच्या पायरीवर.

वाचताना मला छान वाटलं, पण खरं सांगू? त्या हरणाशी माझी ओळख होत नाही. ते घाबरतच नाही. आणि पुढची कितीतरी वर्षं आपल्या कार्टूनमध्ये हेच झालं. तेव्हा थिएटरात सिनेमाच्या आधी सरकारी फिल्म दाखवणं बंधनकारक होतं, आणि विभागाचा बराच जोर लोकशिक्षणावर होता, कुटुंब नियोजन वगैरे. १९७४ ची भीमसेन यांची ‘एक अनेक और एकता’ आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिलीय, निदान आईबाबांनी लावून दाखवलीय. त्यामागे विजया मुळे यांचं डोकं होतं. सुंदर फिल्म आहे, काही बोलायचं नाही. पण आठवून बघा. जाळ्यात अडकलेल्या चिमण्यांपैकी एकीला तरी स्वतःची अशी भीती आहे का? एखादी म्हणते का, मला नाही उडायचं? त्या काळच्या आपल्या कार्टूनपात्रांमध्ये दोष असायचे, जखम नसायची. दोष सुधारता येतो, त्यावर संदेश देता येतो. जखमेचं सरकार तरी काय करणार?

मग जखम कुठे आली? माझ्यापुरती २००५ मध्ये, व्ही. जी. सामंतांच्या ‘हनुमान’मध्ये. मी आठ वर्षांचा होतो. दिवाळीच्या सुट्टीत दादूस मला भिवंडीला थिएटरात घेऊन गेला, तो तेव्हा पंधराचा, स्वतःला फार मोठा समजायचा. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. बाळ हनुमान सूर्याला फळ समजून झेप घेतो, ऋषींना सतावतो, आणि ते शाप देतात की तुला तुझ्या शक्तीचा विसर पडेल, कोणी आठवण करून देईपर्यंत. पुढे समुद्रकिनारी सगळी वानरसेना हताश बसलेली असताना जांबवंत त्याला आठवण करून देतो.

ही गोष्ट फ्रॉइडच्या किती शतकं आधीची आहे, पण यात दमन आहे आणि त्यावरचा उपायही आहे. फरक एकच. फ्रॉइडच्या मते मन स्वतः दाबतं. इथे मोठी माणसं मुलाला विसरायला लावतात, त्यांना त्रास होतो म्हणून. आणि आठवण करून देण्याची जांबवंताची पद्धत बघा. तो ओरडत नाही. तो हनुमानाला त्याच्याच जन्माची गोष्ट सांगतो, तू कोणाचा मुलगा आहेस इथपासून.

थिएटरातून परत येताना दादूसला ते भलतंच आवडलं. पुढे कितीतरी वर्षं, दहावीच्या गणिताच्या आदल्या रात्री, पहिल्या इंटरव्ह्यूच्या सकाळी, तो घोगरा आवाज काढून म्हणायचा, “तू विसरलायस रे.” बास, एवढंच. हा भाग रेकॉर्ड करताना मी इथे थांबलो होतो. ऑडिओत तो थांबा तसाच ठेवलाय.

२००६ मध्ये गीतांजली राव यांची ‘प्रिंटेड रेनबो’ आली. जेजेच्या विद्यार्थिनी, राम मोहन यांच्या स्टुडिओत काम केलेल्या. म्हणजे हरणापासून निघालेली रांग त्यांच्यापर्यंत येते. ही पंधरा मिनिटांची फिल्म त्यांनी जवळजवळ एकटीने, फ्रेम रंगवत केली आणि कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये तिला तीन पुरस्कार मिळाले. एक म्हातारी बाई, एक मांजर, शहरातला करड्या रंगाचा फ्लॅट. बाईकडे काडेपेट्यांचा संग्रह आहे. ती एकेका पेटीवरच्या चित्रात शिरते आणि तिथे रंगच रंग. ॲनाचा सिंहवाला मुलगा म्हातारा झाला तर असाच राहील. इथे कोणी तिला शिकवत नाही की बाई, भानावर या. संदेश नाही. मला वाटतं आपल्या ॲनिमेशनमध्ये नकाराकडे इतक्या मायेने आधी कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्याच २०१९ च्या ‘बॉम्बे रोझ’मध्ये गजरे विकणारी कमला मुघल चित्रांतल्या राजकन्येसारखी स्वतःला बघते. तोही तोच धागा, फक्त मोठ्या कॅनव्हासवर आणि रस्त्यावरच्या धुरात.

आता पुन्हा ‘लायन किंग’कडे. तो सिनेमा ठरत होता तेव्हा डिस्नेत त्याची ओळख ‘आफ्रिकेतला बांबी’ अशी करून दिली जायची. ५२ वर्षांत एक गोष्ट बदलली: मेलेला बाप पडद्यावर दिसतो. सिंबा त्याला उठवायला बघतो, कान ओढतो, शेवटी त्याच्या पंजाखाली शिरून झोपतो. वळून बघू नको असं इथे सिनेमा म्हणत नाही. ते स्कार म्हणतो: तुझ्यामुळे झालं, पळून जा, परत येऊ नको. मग ‘हकुना मटाटा’. चिंता नको, मागचं मागे टाका. त्या गाण्यात एका ओंडक्यावरून तिघं चालत असतात, चालता चालता सिंबाला आयाळ येते. सगळं बालपण एका ओंडक्यावर संपतं. बांबीचा वसंत ऋतूच तो, पण आता सिनेमाला माहीत आहे की तो काय करतोय. शेवटी रफिकी काठीचा फटका टाळक्यात घालतो, कारण मागचं मागे राहत नाही.

टिमोन-पुंबाला मी वाईट म्हणणार नाही. ते नसते तर पोर वाळवंटात मेलं असतं. लगेच सत्य तोंडावर फेकणारा रफिकी त्या दिवशी भेटला असता तर सिंबाचं काय झालं असतं? ‘टॉय स्टोरी ३’मधलं लॉट्सो अस्वल आठवा. त्याच्या मालकिणीने त्याच्या जागी नवं अस्वल आणलं हे त्याने खिडकीतून धडधडीत पाहिलं, नकाराला जागाच नव्हती, आणि त्यातून तो जो कडवट झाला तो झालाच. यंत्रणा वेळ मिळवून देते. प्रश्न असतो तो किती दिवसांचा.

त्याचं उत्तर मला एका जपानी सिनेमात सापडलं. इसाओ ताकाहाताचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, १९८८. १९४५ चं कोबे शहर, बॉम्बहल्ले. चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको. आई भाजून मरते. सेइता बहिणीला सांगत नाही. आई दवाखान्यात आहे, बरी होईल. बराच काळ तो हे ओढतो. मग एके सकाळी सेत्सुको मेलेल्या काजव्यांसाठी खड्डा खणत असते. काय करतेस विचारल्यावर सांगते, त्यांची कबर. आईपण कबरीतच आहे ना. मावशीने तिला केव्हाच सांगितलेलं असतं. सेइता, जो आईच्या वेळी रडला नव्हता, तो तिथे कोसळतो.

मूळ कथा अकियुकी नोसाकाची, १९६७ मधली. त्याची स्वतःची धाकटी बहीण १९४५ मध्ये उपासमारीने गेली होती आणि तो जन्मभर स्वतःला दोषी मानत राहिला. कथेत त्याने भावालाही मारून टाकलं. खऱ्या आयुष्यात तो जगला होता.

मी हा सिनेमा रात्री एकटा पाहिला. आणि त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्याकडे सेत्सुकोची सकाळ झाली.

लाइट गेली होती. गॅलरीत मी आणि छोटू, उकाड्यात. खाली कंटेनर वळत होते. तो एकदम म्हणाला, “काका, बाबा दुबईला नाहीयेत ना?”

मी काहीच बोललो नाही. तो म्हणाला, “मेलेत. मला व्हॅनमधल्या मुलांनी सांगितलंय.”

“कधी?”

“बालवाडीत होतो तेव्हा.” मग जरा थांबून, “आजीला सांगू नको, मला माहितीय म्हणून. ती रडते.”

म्हणजे दीड-दोन वर्षं आम्ही समजत होतो की पोराला सांभाळतोय, आणि पोरगा आम्हाला सांभाळत होता. व्हिडिओ कॉल मागणं त्याने का थांबवलं ते मला त्या गॅलरीत कळलं. कॉल मागितला की आमचे चेहरे कसे व्हायचे ते त्याने पाहिलं होतं. विसरलो कोण होतो, तर आम्ही. साडेचार वर्षांच्या मुलाला डोळे असतात हे.

वहिनीला मी त्याच रात्री सांगितलं. ती माझ्यावर चिडली, मग स्वतःवर, मग दोन दिवस कोणाशी बोलली नाही. नंतर ठाण्याला एका समुपदेशक बाईंकडे गेली. त्यांनी साधंच सांगितलं: झोपलेत, देवाघरी गेलेत, लांब गेलेत असं काही म्हणू नका, लहान मूल ते शब्दशः घेतं, मग झोपायला घाबरतं. गेले म्हणजे मेले, शरीर थांबलं, परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही. हे शेवटचं वाक्य वगळू नका म्हणाल्या. स्कारचं वाक्य पुसायला तेच लागत असावं.

वहिनीने रविवारी दुपारी सांगितलं, आजीला शेजारी बसवून. आजी रडलीच. छोटूने मला बघितलं, बघ मी म्हणालो होतो ना, अशा नजरेने. मग त्याने विचारलं की बाबांचं हेल्मेट कुठे आहे. ते माळ्यावर होतं. तो दिवसभर ते घालून फिरला, जेवलासुद्धा घालूनच. ॲनाची भूत झालेली मुलगी मला तेव्हा आठवली, पण मी काही बोललो नाही. प्रत्येक गोष्टीला नाव द्यायची मला जी सवय लागलीय तीही एक संरक्षण यंत्रणाच आहे. मराठी पुस्तकांत तिला बौद्धिकीकरण म्हणतात. हा सगळा भाग म्हणजे तेच, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

परवा रात्री त्याने पुन्हा ‘लायन किंग’ लावला. दरीत धूळ उडाली. मी बोट सरकायची वाट बघत होतो. ते स्क्रीनवर आलं, तिथेच थांबलं. मग त्याने मोबाइल माझ्या हातात दिला आणि उशीत तोंड घातलं.

“पुढे करू?” मी विचारलं.

“नको. तू बघ. संपलं की सांग.”

मी बघितलं, पूर्ण. पंजाखाली शिरून झोपतो तिथपर्यंत. मग म्हणालो, “संपलं.” त्याने उशीतूनच विचारलं, “तो रडला?”

“हो.”

“बरं,” म्हणाला, आणि टिमोन-पुंबा यायच्या आत झोपून गेला.